वाचून दाखवला, बरोबर आहे

पोलीस खात्यात माझी पस्तीस वर्षं गेली, आणि त्यातली बरीचशी लिहिण्यात. प्रत्येक ठाण्यात एक हवालदार असा असतो की त्याच्या हातात काठी कमी आणि पेन जास्त. त्याला सगळे रायटर म्हणतात. जबाब, पंचनामे, तपासाचे कागद सगळं तोच लिहितो, साहेब खाली सही ठोकतात. माझं अक्षर बरं आणि तासन् तास बसायची तयारी, म्हणून कुठेही बदली झाली तरी मला टेबलच मिळालं. डोकं मात्र तापट. ते अजून तसंच आहे, आमच्या हिला विचारा.

जबाबाच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते. "माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे." ही ओळ मी किती वेळा लिहिली याचा हिशोब नाही. खरोखर वाचून किती वेळा दाखवला, ते मात्र विचारू नका. समोरचा माणूस घाबरलेला, त्याला घरी जायची घाई, मला पुढच्या कागदाची. तो म्हणायचा, "सायेब, सही कुटं करू?" मी जागेवर बोट ठेवायचो. झालं काम. त्यात काही गैर आहे असं मला पस्तीस वर्षांत एकदाही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

निवृत्त होऊन मी पोशीरला घरी आलो. भाताची दोन खाचरं माझ्या वाट्याची, तेवढ्यात वेळ जाईना. तेव्हा घड्याळवाल्या बाबांकडे जाऊन बसायला लागलो. नेरळहून येताना रस्त्याला लागून त्यांचं बैठं घर आहे, आता चारी बाजूंनी इमारती उठल्यात. बाबा म्हणजे उंच, वाकलेले, गोरेपान. परदेशी माणूस म्हणून मी पहिल्या दिवशी हिंदीत सुरुवात केली, तर म्हणाले, "मराठीत बोला की हो, कशाला त्रास करून घेताय." अलिबागकडचं ठसठशीत मराठी! मी बघतच राहिलो.

ते मराठी त्यांच्या बायकोचं. ती रेवदंड्याकडची, कोकणातल्या जुन्या ज्यू घराण्यातली. बाबाही ज्यू, पण जन्मले पोलंडात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यांचं गावच्या गाव उचलून छावणीत घातलं. आईवडील आधी गेले. मग हा आठ वर्षांचा पोरगा आणि बारा वर्षांची बहीण असे दोघंच उरले, आणि एके सकाळी बहीणही गेली. एक मामा युद्धाआधीच पळून मुंबईत डॉक्टरकी करत होते. त्यांनी नंतर कागदपत्रं करून भाच्याला इकडे आणलं. बाबा मुंबईत वाढले, फोर्टात घड्याळं दुरुस्त केली, लग्न केलं आणि उतारवयात बायकोच्या आग्रहानं इथे घर बांधलं. आता बायको नाही. मूलबाळ झालं नाही.

त्या छावणीच्या फाटकावर एक पहारेकरी होता. तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्यानंच त्या सकाळी पोरांना गाडीत भरून पाठवलं. त्या गाड्यांतलं एकही पोर परत आलं नाही. बाबा आयुष्यभर या एका माणसाच्या मागे लागले होते. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक होती, तीत सगळी पत्रं. एकदा उत्तर आलं, असा इसम आढळत नाही. मग आलं, इसम आढळतो पण पुरावा अपुरा. मग आलं, इसम मयत. सहा वर्षांनी कळलं की मयत झाला तो त्याच नावाचा दुसराच.

"अहो, हे तर अगदी आपल्यासारखं!" मी म्हटलं. बाबा इतके हसले की चहा सांडला.

मला त्या ट्रंकेचं फार कौतुक वाटायचं. फिर्यादी दोन तारखांनंतर कंटाळून येईनासा होतो हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. हा माणूस सत्तर वर्षं तारखेला हजर!

आणि मग खरोखरच खटला उभा राहिला. जर्मनीतल्या एका वकीलबाईंनी बाबांना शोधून काढलं. आरोपी नव्वदीच्या पुढचा. गंमत म्हणजे गुन्ह्याच्या वेळी तो एकविसाच्या आतला होता म्हणून त्याच्यावर खटला बालन्यायालयात! हे ऐकून माझं डोकं असं फिरलं की मी बाबांच्या घरात उभा राहून शिव्या दिल्या. बाबा शांत.

"कोणतंही चालेल," म्हणाले. "तो बसलेला असला म्हणजे झालं."

"बाबा, तुम्हाला नेमकं काय हवंय? या वयात त्याला जेल होणार आहे का?"

"जेल नको. त्यानं ऐकावं."

"काय ऐकावं?"

"माझी बहीण जे बोलली ते. तेव्हा ऐकलं असेल, पण विसरला असेल. कोर्टात बसून परत ऐकावं. कागदावर यावं."

वकीलबाईंनी सांगितलं होतं की तुम्ही काय पाहिलं, काय ऐकलं, कुठून, किती अंतरावरून, ते तुमच्या शब्दांत लिहून, नोटरी करून पाठवा. बाबांच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय. घड्याळांवर आयुष्य काढलेल्या माणसाला आता अक्षर दिसत नाही. शिवाय ती हकीकत त्यांनी पूर्ण अशी आयुष्यात एकदाच सांगितली होती, बायकोला, मराठीत. म्हणाले, "दुसऱ्या भाषेत मला ती सांगता येत नाही. बोलायला लागलो की थांबतो." जर्मन त्यांना येत होतं, पण तोंडातून काढत नसत. म्हणून जबाब मराठीत घ्यायचा आणि पुण्याच्या एका दुभाषी बाईंनी भाषांतर करायचं असं ठरलं. लिहिणार कोण, हा प्रश्नच नव्हता. मला तर पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखं वाटलं.

"आधी जागेचा पंचनामा," मी म्हटलं. "अंतर असं तोंडानं सांगून चालत नाही. मोजायचं."

तेव्हा पौष चालू होता. भात कापून झालेलं, खाचरं मोकळी, बांधाजवळ पेंढ्याची उडवी रचलेली. बाबांना घेऊन मी आमच्या शेतावर गेलो. आमची हीपण आली, तिला बाबांचा लळा. बाबा डोळे मिटून सांगत होते, मी पावलं टाकत होतो. फाटक इथे, म्हणून मी दोन बांबू रोवले. स्वयंपाकघराची भिंत म्हणजे पेंढ्याची उडवी. भिंतीमागे बटाट्यांचा ढीग, त्यात आठ वर्षांचे बाबा. पहाटे बहिणीनं त्यांना तिथे ढकललं आणि स्वतः रांगेत जाऊन उभी राहिली. छावणीच्या यादीत त्यांच्या घरची दोन माणसं नोंदलेली होती. दुसरं कुठे, असं तिला विचारणार हे ती ओळखून होती.

बाबा उडवीमागे जाऊन उभे राहिले. मी फाटकाशी उभा राहून हात हलवला.

"दिसतोय का?"

"नाही. तुमची टोपीसुद्धा नाही."

"अहो, अंदाजानं? डोळे चांगले असते तर?"

"हवालदार, मधे भिंत आहे."

मी उडवीला वळसा घालून गेलो, त्यांच्या जागेवर वाकून बघितलं. खरंच. पेंढ्याशिवाय काही नाही. हा खटल्यातला एकच साक्षीदार, आणि त्यानं नेमकं तेच पाहिलेलं नाही!

"ऐकू यायचं," बाबा म्हणाले. "ते बघू या. वहिनी, तुम्ही फाटकाशी उभ्या राहा. ओरडायचं नाही. साधं बोलायचं."

"काय बोलू, बाबा?"

"म्हणा, मी एकटीच आहे. माझ्याबरोबर कोणी नाही."

आमची ही दोन बांबूंच्या मधे पदर सावरून उभी राहिली. एरवी तिचा आवाज नेरळपर्यंत जाईल, पण तेव्हा हळू बोलली. "मी एकटीच हाय. माज्याबरोबर कोनी नाय."

उडवीमागून बाबांचा आवाज आला, "आलं ऐकू."

मग बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. हिनं डोळ्याला पदर लावला. मी वहीत लिहिलं, अंतर पावलं बावीस.

दुसऱ्या दिवसापासून जबाब सुरू. बाबा खुर्चीत, मी टेबलाशी. चार दिवस चाललं. फाटकापर्यंतचं सगळं मी ते सांगतील तसं लिहिलं. आणि मग त्या सकाळशी येऊन माझं पेन अडलं.

कशामुळे, तेही सांगतो. खालापूरच्या बाजूला नोकरीला असताना एका डोंगरवाडीतली बाई आली होती. कोळशाच्या भट्टीवर तिच्या भावाला मारलेलं. ती झाडीत लपलेली. "आयकलं जी, बगितलं नाय," म्हणाली. मी तरणा होतो, तसंच लिहिलं. कोर्टात पाच मिनिटांत सगळे सुटले. बाई माझ्यासमोरून वाडीकडे चालत गेली. त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या जबाबात परत कुणी नुसतं ऐकणार नाही. आणि पुढे कुणी ऐकलं नाही. सगळ्यांनी पाहिलं.

बाबांचंही मी तसंच केलं. लिहिलं, "सदर इसमाने माझ्या बहिणीस हाताला धरून गाडीत ढकलल्याचे मी माझ्या डोळ्यांनी प्रत्यक्ष पाहिले." आणि तिचं बोलणं गाळलं. ऐकीव गोष्ट घातली की समोरचा वकील विचारणार, ऐकलं की पाहिलं? कशाला फट ठेवायची? शेताचं अंतरही गाळलं. खाली नेहमीची ओळ लिहिली, वाचून दाखवला, बरोबर आहे. बाबांचं बोट धरून जागेवर ठेवलं. त्यांनी सही केली.

"सगळं आलं ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम पक्कं झालंय, बाबा. कोणी हलवू शकत नाही."

कर्जतला नोटरी झाली, कागद पुण्याला गेला, पुण्याहून जर्मनीला. मी खुशीत. हिला म्हटलंसुद्धा, "बघ, परदेशच्या कोर्टात माझा जबाब!"

"तुमचा कसा? बाबांचा ना?" ती म्हणाली. बायकांना बरोबर कळतं, आपण ऐकत नाही.

इकडच्या तिकडच्या सरकारांची पत्रापत्री होऊन मुंबईतल्या एका कचेरीत व्हिडिओवर साक्ष ठरली. भाड्याच्या गाडीनं आम्ही तिघं गेलो. एक अधिकारी, पुण्याच्या दुभाषी बाई, समोर भिंतीएवढा पडदा. पडद्यावर न्यायाधीश, वकील आणि एका बाजूला तो. चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यावर शाल, कानाला ऐकायचं यंत्र. किती किरकोळ माणूस! मी आयुष्यात इतके आरोपी बघितले, पण याच्याकडे बघून मला राग आणावा लागला. बाबांना तो धड दिसत नव्हता. त्यांनी विचारलं, "आलाय?" मी म्हटलं, "आलाय."

न्यायाधीशबाई म्हणाल्या की आधी लेखी जबाब वाचला जाईल, साक्षीदारानं ऐकावा. दुभाषी बाईंनी वाचायला सुरुवात केली. एक ओळ मराठीत, एक जर्मनमध्ये. पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता. कागद वाचूनही दाखवतात, ही शक्यता माझ्या डोक्यातच आली नव्हती.

त्या ओळीवर बाबांनी हात वर केला.

"थांबा. हे माझं नाही."

सगळे थांबले.

"मी पाहिलं नाही. मी भिंतीमागे होतो. फाटक दिसत नव्हतं."

माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या हिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, असं तिनं कधी बघितलं नव्हतं. हळूच म्हणाली, "आवो, मी शेतात बोलले ते कुटंय?"

आरोपीचा वकील उठला. सभ्य माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाला, खाली लिहिलंय की जबाब वाचून दाखवला आणि बरोबर आहे. सही तुमचीच ना? बाबा म्हणाले, माझीच. मग वाचून दाखवला होता की नव्हता?

"नव्हता," बाबा म्हणाले. "मी वाचून मागायला हवा होता. चूक माझी."

आता तुम्हीच सांगा, इथे बसून राहता येतं का? माझी बाजू घ्यायला त्या माणसानं सत्तर वर्षांची पुंजी पणाला लावली! मी ताडकन उभा राहिलो. अधिकारी म्हणाला, बसा. मी म्हटलं, नाही बसत. पडद्याकडे बघून सांगितलं, "जबाब मी लिहिला. मी निवृत्त हवालदार. ते वाक्य माझं आहे, यांचं नाही. यांनी सांगितलेलं मी गाळलं. वाचून दाखवला नाही, आणि दाखवला असं खोटं लिहिलं." दुभाषी बाईंनी एकेक वाक्य तिकडे सांगितलं. दुसऱ्यांचे जबाब लिहून जन्म गेला, स्वतःचा असा पहिल्यांदाच दिला.

वकील म्हणाला, मग हा सगळा कागदच बाद करावा. न्यायाधीशबाईंनी तो बाद केला. चार दिवसांचं काम एका मिनिटात गेलं. मला वाटलं, संपलं सगळं, माझ्यामुळे संपलं.

पण न्यायाधीशबाई बाबांना म्हणाल्या, "आता तुम्हीच तोंडानं सांगा. जे पाहिलं ते पाहिलं म्हणून, जे ऐकलं ते ऐकलं म्हणून."

बाबांनी सांगितलं. दीड तास, मराठीत, पाणीसुद्धा न मागता. भिंतीपाशी आल्यावर म्हणाले, "अंतर बावीस पावलं. या जानेवारीत आम्ही भाताच्या शेतात मोजलं. दिसत नाही, ऐकू येतं. रोज फाटकावर हाच असायचा, त्याचा आवाज मी ओळखत होतो. या माणसानं तिला विचारलं, घरात दोन जण नोंदलेत, दुसरा कुठे? ती म्हणाली, मी एकटीच आहे. माझ्याबरोबर कोणी नाही."

न्यायाधीशबाईंनी विचारलं, ती कोणत्या भाषेत म्हणाली?

"जर्मनमध्ये. त्याला कळावं म्हणून."

"तसं सांगू शकाल?"

आम्हाला वाटलं, बाबा आता 'नाही' म्हणणार. मग त्यांनी ते जर्मनमध्ये सांगितलं. मला शब्द कळले नाहीत, पण आवाज त्यांचा नव्हता. बारीक, नीट, शाळेत कविता म्हणून दाखवतात तसा. दुभाषी बाईंना त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं हात उचलून कानातलं यंत्र आत दाबलं. नीट ऐकू यावं म्हणून की खुपत होतं म्हणून, देव जाणे. पण काढलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत शेलू गाव मागे पडल्यावर मीच म्हटलं, "बाबा, मला वाटलं तुम्ही हराल."

"माहितीय," ते म्हणाले. "मला जिंकवायला गेलात, हवालदार, आणि तिला गप्प केलंत."

मी रडलो. लपवण्यासारखं काही नाही, गाडीत रडलो. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

निकाल लागलाच नाही. निकालाच्या आधी तो म्हातारा झोपेत गेला आणि खटला बंद झाला. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा माझं डोकं भडकलं, मी म्हटलं सुटला शेवटी! बाबा म्हणाले, "ऐकून गेला." एवढंच.

पुढे महिन्याभरानं टपालानं जाड पाकीट आलं. कोर्टात बाबा जे बोलले त्याची शिक्क्याची नक्कल, आणि दुभाषी बाईंनी केलेली मराठी प्रत. बाबांनी मला बोलावून घेतलं. आमची ही तिथेच ओसरीवर वाल सोलत होती.

"वाचा," बाबा म्हणाले.

"बाबा, एकोणतीस पानं आहेत."

"घाई आहे का तुम्हाला?"

मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तारीख, हजर इसम, शिक्के, सगळं. कुठे दम लागला तर थांबलो, पण गाळलं काही नाही. बाविसाव्या पानावर बहिणीची ती ओळ आली. दोनदा सुरू केलं, जमेना. तेव्हा ओसरीवरून हिनंच सांगितलं, न बघता, वाल सोलतासोलता, शेतात बोलली होती त्याच आवाजात. मी पुढचं वाचलं. शेवटचं पान संपलं तेव्हा उन्हं कलली होती.

"झालं, बाबा."

बाबांनी मान हलवली. म्हणाले, "बरोबर आहे."

पस्तीस वर्षं हे दोन शब्द मी लोकांच्या नावावर लिहीत आलो होतो. कुणाच्या तोंडून ऐकले ते त्या दिवशी पहिल्यांदा.